रसायनांच्या वाफा, प्रयोगातले उंदीर आणि होणारं बाळ: या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या कुठल्याही पेंट शॉपमध्ये थिनरचा ड्रम नीट बघा. लाल चौकटीत माणसाची छाती आणि त्यावर फुटलेला तारा असं चित्र असतं. शेजारी बऱ्याचदा ‘एच३६१’ हा कोड असतो. प्रजननक्षमतेला किंवा पोटातल्या बाळाला अपाय होण्याची शंका आहे, असा त्याचा अर्थ. ‘एच३६०’ असेल तर ती शंका राहत नाही, तो सरळ इशारा असतो. टोल्युइनला आणि एन-हेक्सेनला युरोपात एच३६१ मिळाला आहे, मिथॉक्सीइथेनॉलला एच३६०.

हे कोड बहुतेक वेळा उंदरांवरच्या प्रयोगांतून येतात. एमएसडीएसचा, म्हणजे रसायनासोबत येणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकाचा, अकरावा विभाग काढला की ‘रॅट, श्वसन, दिवसाला ६ तास, गर्भावस्थेचा दिवस ६ ते १५’ अशी एखादी ओळ आणि पुढे पीपीएमचा (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग वाफ) आकडा सापडतो. हा आकडा आपल्याकडे दोन प्रकारची माणसं वाचतात. एक, कारखान्यातले सेफ्टी ऑफिसर, सुपरवायझर आणि क्वचित स्वतः कामगार. दुसरे, प्राणिशास्त्र, औषधनिर्माण किंवा पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी, ज्यांना असे प्रयोग करायचे असतात किंवा प्रबंधात मांडायचे असतात. दोघांच्याही चुका मी वर्षानुवर्षं बघतोय, आणि त्या एकमेकांत गुंतलेल्या आहेत. प्रयोग करणाऱ्यानं जे गाळलं, तेच वाचणाऱ्याच्या अंगावर येतं.

‘उंदराला झालं म्हणून माणसाला हुईल काय?’

हा प्रश्न उद्यमनगरात मला कितीदा विचारला गेलाय. प्रश्न रास्त आहे. चूक होते ती उत्तर आधीच ‘नाही’ असं धरून कागद बाजूला ठेवण्यात.

डायब्रोमोक्लोरोप्रोपेन, म्हणजे डीबीसीपी, हे जमिनीतले सूत्रकृमी मारायचं औषध. त्याच्या वाफेत ठेवलेल्या रॅट, गिनीपिग आणि सशांची वृषणं आकसली, हे १९६१ साली छापून आलं होतं. कागदावर सगळं होतं. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप इथे हे औषध बनवणारे कामगार जेवणाच्या सुट्टीत आपसात बोलू लागले, की आपल्यापैकी बऱ्याच जणांना मूल का होत नाही. तपासणी केली तर अनेकांच्या वीर्यात शुक्राणू जवळजवळ नव्हतेच. मधली सोळा वर्षं तो शोधनिबंध कपाटात पडून होता. उंदरांनी आधीच सांगितलं होतं. ऐकलं कुणी नाही, आणि किंमत त्या माणसांच्या संसारांनी मोजली.

उलटा क्रमही घडला आहे. १९९५ मध्ये दक्षिण कोरियातल्या इलेक्ट्रॉनिक्स सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तरुण मुलींची पाळी बंद झाली, पुरुषांचे शुक्राणू घटले. तिथे साफसफाईच्या द्रावणात २-ब्रोमोप्रोपेन होतं. त्याचा अभ्यास आधी झालाच नव्हता म्हणून ते सुरक्षित समजलं गेलं. नंतर रॅटना त्या वाफेत ठेवलं, तेव्हा नरांत वृषणांचं आणि माद्यांत अंडाशयातल्या मूळ बीजपुटिकांचं नुकसान दिसलं. ज्या एमएसडीएसमध्ये प्रजननाच्या रकान्यात ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहिलंय, तिथे ‘अपाय नाही’ असं वाचू नका.

कुठला प्राणी, हे न बघणं

‘उंदीर’ एवढंच वाचून पुढे जाणं ही मोठी गफलत आहे. रॅट (मोठा उंदीर) आणि माऊस (छोटा उंदीर) यांची शरीरं रसायन वेगवेगळ्या तऱ्हेने मोडतात. १,३-ब्युटाडाईन हा रबर उद्योगातला वायू घ्या. दोन वर्षांच्या अभ्यासात माऊसच्या माद्यांत ६.२५ पीपीएमलाही अंडाशय सुकलेलं आढळलं. रॅट त्या मानानं कितीतरी टणक निघाला, कारण माऊसच्या शरीरात या वायूपासून तयार होणारी घातक इपॉक्साइडं जास्त साचतात.

मिथेनॉलचंही तसंच. गरोदर माऊसना दिवसाला ७ तास, गर्भाचे अवयव घडण्याच्या काळात, ५,००० पीपीएम मिथेनॉलच्या वाफेत ठेवलं तर पिल्लांची टाळू फाटलेली आणि मेंदू उघडा राहिलेला दिसला. २,००० पीपीएमला मानेपाशी जादा बरगड्या आल्या. १,००० ला काही दिसलं नाही. रॅटमध्ये ठळक व्यंगं दिसायला २०,००० पीपीएमपर्यंत जावं लागलं. कुणी फक्त रॅटचा आकडा उचलून पत्रकात टाकला तर चित्र केवढं बदलतं बघा. त्यात माणसाचं शरीर मिथेनॉल मोडतं ते तिसऱ्याच वेगानं, आणि त्यातून बनणारं फॉर्मिक आम्ल आपल्यात उंदरांपेक्षा जास्त साचतं.

मिथॉक्सीइथेनॉलच्या बाबतीत ससा सगळ्यात हळवा निघाला. ५० पीपीएमला सशाच्या गर्भांत स्पष्ट व्यंगं आली, रॅट आणि माऊसमध्ये मात्र किरकोळ फरक दिसले. १० पीपीएमला तिघांतही काही आढळलं नाही. म्हणून अभ्यास दोन-तीन प्राण्यांवर झालेला असेल तर सगळ्यात हळव्या प्राण्याचा आकडा धरायचा. त्या प्राण्याची चयापचयाची वाट माणसापेक्षा वेगळी आहे असा पक्का पुरावा असेल, तरच तो सोडायचा.

अजून एक सापळा. ‘ग्लायकॉल ईथर’ हे घराण्याचं नाव आहे, त्यातले सगळे एकसारखे नाहीत. मिथॉक्सीइथेनॉल शरीरात मिथॉक्सीअॅसेटिक आम्ल होतं आणि तेच गर्भाला व वृषणाला बाधतं. १-मिथॉक्सी-२-प्रोपेनॉल या भावंडाची वाट मुख्यतः वेगळी आहे, म्हणून ते पर्याय म्हणून वापरलं जातं. थिनरवर नुसतं ‘ग्लायकॉल ईथर’ लिहिलं असेल तर पुरवठादाराकडून पूर्ण नाव आणि कॅस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) मागून घ्या.

‘पिल्लं झाली ना, मग ठीक आहे’

विद्यार्थ्यांच्या अहवालात हे वाक्य वेगवेगळ्या रूपात येतं: ‘प्रजननक्षमतेवर परिणाम आढळला नाही’. आधार काय, तर माद्या गाभण राहिल्या. रॅटच्या नराकडे शुक्राणूंचा साठा प्रचंड असतो. उत्पादन नव्वद टक्क्यांपर्यंत घटलं तरी त्याला पिल्लं होऊ शकतात. माणसाकडे एवढी शिल्लक नसते, त्यामुळे थोडी घटही एखाद्या जोडप्याला भोवू शकते. म्हणून नराच्या बाबतीत वीण हा शेवटचा आणि सगळ्यात बोथट निकष समजा. वृषणाचं आणि अधिवृषणाचं (वृषणाला लागून असलेली, शुक्राणू पक्के होण्याची नळी) वजन, शुक्राणूंची संख्या, हालचाल, आकार आणि ऊतीचा छेद, हे सगळं बघितल्याशिवाय ‘परिणाम नाही’ लिहू नका.

वेळेचं गणितही इथेच चुकतं. रॅटमध्ये शुक्राणू तयार व्हायला सुमारे ५२ दिवस लागतात, वर अधिवृषणातून पुढे सरकायला आठवडाभर किंवा थोडं जास्त. चौदा दिवस वाफ देऊन लगेच जोडी लावली तर तुम्ही वाफेच्या आधीच बऱ्याच पुढच्या टप्प्यावर पोचलेले शुक्राणू तपासता. दोन पिढ्यांच्या अभ्यासात जोडी लावण्याआधी १० आठवडे संपर्क ठेवतात तो याचसाठी. कामगारासाठी याचा अर्थ सरळ आहे. माणसात हे चक्र अडीच ते तीन महिन्यांचं आहे. मूल हवं असेल तर नवऱ्यानं पेंट शॉपमधून बदली आठवडाभर आधी घेऊन उपयोग नाही.

आणि वृषण फॉर्मॅलिनमध्ये टाकून ठेवू नका. नलिका आकसतात आणि खरी इजा कुठली, जतनातला दोष कुठला, हे कळत नाही. बुइनचं द्रावण किंवा सुधारित डेव्हिडसन द्रावण वापरा.

पिल्लू मोजायचं की आई?

संख्याशास्त्रातली ही चूक सगळ्यात जास्त प्रबंध बाद करते. वीस माद्यांची अडीचशे पिल्लं झाली आणि विद्यार्थ्यानं ‘एन = २५०’ लिहिलं. वाफ आईला दिली होती. एका आईची बारा पिल्लं एकाच गर्भाशयात, एकाच रक्तावर वाढली. त्यांना बारा स्वतंत्र नमुने धरणं म्हणजे एकाच घरच्या बारा जणांना विचारून गावाचं मत सांगणं. एकक वेत हेच धरायचं. सगळ्या व्यंगी पिल्लांची आई एकच असेल तर ते तक्त्यात दिसायलाच हवं.

आता वाचणाऱ्यासाठी. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४१४ क्रमांकाच्या चाचणी पद्धतीत प्रत्येक गटात साधारण २० गाभण माद्या लागतात, किमान तीन पातळ्या आणि एक नियंत्रण गट. वीसपैकी एकाही वेतात एखादं व्यंग दिसलं नाही, तरी खरं प्रमाण शून्य आहे असं सिद्ध होत नाही. ते सुमारे १४ टक्क्यांपर्यंत असलं तरी वीसांत शून्य येऊ शकतं. म्हणूनच परिणाम न दिसलेल्या पातळीला, म्हणजे एनओएईएलला, ‘सुरक्षित पातळी’ म्हणायचं नाही. मर्यादा ठरवताना तिला प्राण्याकडून माणसाकडे येताना दहानं, माणसामाणसांतल्या फरकासाठी पुन्हा दहानं भागण्याची रीत आहे. एमएसडीएसमध्ये छापलेला आकडा बहुधा भागण्याआधीचा असतो.

पेटीच्या आत काय चाललंय

श्वसनाचा प्रयोग तोंडावाटे डोस देण्यापेक्षा कितीतरी अवघड. कोल्हापुरात तो करायचा तर हवामानाशीही झगडावं लागतं. प्राण्यांना वाफेत ठेवायच्या पेटीतलं तापमान २२ अंशांच्या आसपास, तीन अंश इकडे-तिकडे, आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के हवी. जुलैत बाहेर पावसाची झड लागलेली असते, खोलीतली हवा ओली झालेली असते, आणि नोंदवहीत मात्र रोज ‘५५%’ लिहिलेलं दिसतं. आत येणारी हवा कोरडी करायची सोय नसेल तर पावसाळ्यात प्रयोग सुरूच करू नका. वीज गेली की पंखा थांबतो आणि वाफेचं प्रमाण कुठल्या कुठे जातं. जनरेटर लागेपर्यंतची मिनिटंही नोंदवा. प्राणवायू १९ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये, आणि प्राण्यांचं आकारमान पेटीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको.

सगळ्यात घातक सवय म्हणजे हिशेबातलं प्रमाण मोजलेलं म्हणून लिहिणं. इतके ग्रॅम द्रावण उडालं, इतके लिटर हवा गेली, भागाकार केला, झालं ‘५०० पीपीएम’. प्रत्यक्षात वाफ भिंतींवर बसते, केसांत मुरते, नळीत थिजते. प्राण्याच्या नाकापाशीची हवा काढून गॅस क्रोमॅटोग्राफवर (हवेतली रसायनं वेगळी करून मोजणारं यंत्र) मोजा आणि तोच आकडा छापा. धुके किंवा धूळ असेल तर कणांचा आकारही द्यावा लागतो. मोठे कण रॅटच्या नाकातच अडकतात, फुफ्फुसापर्यंत जातच नाहीत.

पूर्ण शरीर पेटीत ठेवायचं की फक्त नाक, याचा निर्णय विचार करून घ्या. पूर्ण शरीराच्या पद्धतीत प्राणी अंग चाटतो आणि केसांवरचं रसायन पोटात जातं, मग नुसत्या श्वासाचा परिणाम म्हणता येत नाही. फक्त नाकाच्या पद्धतीत गाभण मादी तासन् तास नळीत अडकून राहते, तिला उष्मा आणि ताण होतो, आणि गर्भाचं वजन त्यानंही घटतं. म्हणून नियंत्रण गटातल्या माद्यांनाही तशाच नळीत, तेवढेच तास, स्वच्छ हवेत ठेवावं लागतं. पिंजऱ्यात आरामात खात बसलेल्या माद्यांशी तुलना केली तर सहा तासांच्या उपासाचा परिणाम रसायनाच्या नावावर पडतो. प्राणी वापरायचे तर संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी आधी हवीच, आणि चुकीच्या नियंत्रण गटापायी जीव वाया घालवणं हा माझ्या मते नीतीचाच प्रश्न आहे.

छोट्या गोष्टी पटकन सांगतो. जोडी लावल्यावर मादीच्या योनीत शुक्राणू दिसलेला दिवस कुणी शून्य धरतात, कुणी एक. दोन अभ्यास शेजारी ठेवण्याआधी हे जुळवा, नाहीतर अवयव घडण्याची खिडकी एका दिवसानं सरकते, आणि रॅटच्या २१-२२ दिवसांत एक दिवस फार मोठा असतो. मादी गाभण नाही असं वाटलं तर गर्भाशय अमोनियम सल्फाइडच्या द्रावणात बुडवून बघा, रुजून लगेच जिरलेल्या गर्भांच्या जागा काळपट उमटतात. गुद आणि जननेंद्रियातलं अंतर मोजलंत तर ते पिल्लाच्या वजनाच्या घनमुळाशी ताडून मांडा.

‘आईलाच त्रास झाला, म्हणून पिल्लांना झालं’

कंपन्यांच्या सारांशात हे वाक्य ढालीसारखं वापरलं जातं. कधी ते खरंही असतं. आईचं वजन पडलं तर गर्भाचं वजन कमी, हाडं पक्की व्हायला उशीर, बरगड्या जरा वाकड्या, असं दिसू शकतं. पण फाटलेली टाळू किंवा उघडा मेंदू आईच्या थोड्या कमी खाण्यानं होत नाही. दोन्ही एकाच पातळीला दिसले म्हणजे एकामुळे दुसरं झालं असं नव्हे. प्रत्येक आईचं वजन आणि तिच्याच पिल्लांचं व्यंग शेजारी ठेवून बघा. ज्या माद्यांचं वजन पडलं नाही, त्यांची पिल्लं कशी आहेत?

शिवाय आई ठणठणीत आणि पिल्लू बाधित, हेही होतं. कार्बन मोनॉक्साइडचं उदाहरण आपल्या फाउंड्रीवाल्यांनी लक्षात ठेवावं. गाभण रॅटना सगळ्या गर्भावस्थेत १५० पीपीएमच्या आसपास ठेवलं तेव्हा आया वरकरणी धडधाकट होत्या. पिल्लं मात्र वजनानं कमी जन्मली आणि पुढे शिकण्यात, लक्षात ठेवण्यात मागे पडली. ओतकामाच्या वेळी, क्युपोलापाशी (लोखंड वितळवायची भट्टी), साच्यातून निघणाऱ्या धुरात हाच वायू असतो. त्याला वास नाही. कोअर शॉपमधला (साच्यांचे गाभे बनवायचं खातं) अमाइनचा माशासारखा वास किंवा फॉर्मॅल्डिहाइडची डोळ्यांतली चुणचुण लोकांना घाबरवते. पण फॉर्मॅल्डिहाइड बहुतांशी नाकातल्या अस्तरातच अडकतं, आणि बिनवासाचा कार्बन मोनॉक्साइड थेट रक्तातून बाळापर्यंत जातो. गरोदर बाई काम करते तिथे नाकावर विसंबू नका, मीटर लावा. कारखाना कायदा, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांची मर्यादा ५० पीपीएम दिली होती, आणि ती धडधाकट कामगार डोळ्यांसमोर ठेवून.

शिफ्टचं गणित

प्रयोग दिवसाला सहा तासांचा, आपली शिफ्ट आठ तासांची, ओव्हरटाइम धरून बाराची. ‘प्रमाण गुणिले वेळ’ सारखं ठेवलं की परिणाम सारखा, असं धरून चालणं चूक आहे. गर्भाच्या बाबतीत अवयव घडतानाच्या नेमक्या दिवशी आलेला थोड्या वेळाचा मोठा झोत, दिवसभर पसरलेल्या सरासरीपेक्षा जास्त बाधू शकतो. टोल्युइनच्या मोठ्या, छोट्या झोतांचे रॅटवरचे अभ्यास मुद्दाम याचसाठी झाले. टाकी आतून पुसणारा माणूस दिवसाच्या सरासरीत ‘मर्यादेत’ बसतो, पण त्या वीस मिनिटांत नसतो.

एककंही तपासा. टोल्युइनचे १०० पीपीएम म्हणजे घनमीटरला सुमारे ३७५ मिलिग्रॅम. पीपीएमला रेणुभारानं गुणून २४.४५ नं भागायचं. मी ३७५ हा आकडा पीपीएम म्हणून फळ्यावर लिहिलेला पाहिला आहे.

आणि श्वसनाचा प्रयोग फक्त श्वासाबद्दल बोलतो. आपल्याकडे शिफ्ट संपली की हात थिनरनं धुतात. मिथॉक्सीइथेनॉलसारखी द्रावणं कातडीतून सहज आत जातात, मग हवेचा रिपोर्ट कितीही चांगला असो. धुळीचा पांढरा मास्क किंवा रुमाल वाफ अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, आणि ते कार्ट्रिज वेळेवर बदलावं लागतं.

फक्त बायकांना हलवणं

एच३६० किंवा एच३६१ दिसला की काही ठिकाणी पहिला हुकूम निघतो: ‘बायकांना या खात्यात ठेवू नका.’ काळजी दिसते, पण निम्मा पुरावा वाचलेला असतो. डीबीसीपीनं पुरुषांना गाठलं, २-ब्रोमोप्रोपेननं दोघांना, मिथॉक्सीइथेनॉल रॅट आणि सशाच्या वृषणावर घाव घालतं, आणि एन-हेक्सेनच्या मोठ्या प्रमाणातही रॅटची वृषणं खराब झालेली आहेत. बाईची रोजी जाते आणि पुरुष त्याच वाफेत राहतो. आधी द्रावण बदला, मग एक्झॉस्ट लावा, मग माणसं हलवायचा विचार करा. गरोदर बाईला हलवायचं असेल तर पगार न कापता, आणि बातमी कळल्या दिवशी. माणसाच्या बाळाचे बहुतेक अवयव पहिल्या दोन-तीन महिन्यांत घडतात, आणि त्यातले पहिले काही आठवडे आईला माहीतही नसतं.

घरी पेस्टिंगचं काम करणाऱ्यांसाठी यातलं कुठलंच पत्रक नसतं. चप्पल, पर्स, पट्टे चिकटवायचं सुलोचन घरात उघडं असतं, शेजारी पाळणा असतो, आणि वाफ चोवीस तास त्याच खोलीत राहते. वर सांगितलेल्या मर्यादा आठ तास कामावर असलेल्या मोठ्या माणसासाठी आहेत, पाळण्यातल्या बाळासाठी नाहीत. डबा देणाऱ्या व्यापाऱ्याकडून त्यात टोल्युइन आहे की हेक्सेन, हे विचारून घ्या. पाण्यावर आधारलेला गोंद मिळत असेल तर तो मागा. काम पडवीत किंवा दारात, वाऱ्याच्या बाजूला बसून करा, ब्रश डब्यात ठेवून झाकण उघडं टाकू नका, आणि चिकटवलेला माल सुकायला झोपायच्या खोलीत लावू नका.